खाटेवरची पाटी

—नाही पोरी, चहा घेतल्याशिवाय मी फॉर्मबिर्म भरत नाही. बस. कार्डिफमधल्या आपल्या वेल्सच्या विधिमंडळाचं नाव, हेच ना? नुसतं वेल्श 'सेनेद' म्हणायचं, की शेजारी इंग्रजी 'पार्लमेंट' पण लावायचं? आणि हे विचारायला एवढा डोंगर चढून आलीस — माझ्याकडे! वेल्श शाळेत शिकलीस वाटतं? कळतंय, फार स्वच्छ बोलतेस. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली ती थेट पाटीच्या दगडाच्या खाणीत. पण नाव मीही निवडलंय एकदा. मुलाचं. कीथ. लोवरी — माझी बायको — नको म्हणत होती. मी म्हटलं, इंग्रजी नाव, इंग्रजी बोली, तरच पोरगा खाणीतून सुटेल. घरात वेल्श बंद. सुटला की! आता आईच्या उशाशी बसतो, आणि तिच्या बोलण्यातलं एक अक्षर कळत नाही त्याला.

मार्चात पक्षाघाताचा झटका आला तिला. इंग्रजी सगळं पुसलं गेलं — वेल्श तेवढं राहिलं. आणि जागा मिळाली कुठे? खाली किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात, जिथे एकाही नर्सला वेल्श येत नाही. चांगल्या आहेत गं त्या, काळ्यासावळ्या, गोऱ्या, सगळ्या मायाळू. मग मीच पाटी केली. आमच्या खाणीचा दगड, अक्षरं माझ्या हातची — डावीकडे वेल्श, उजवीकडे इंग्रजी. पाणी, थंडी, दुखतंय, संडास — असे सात शब्द. खाटेवर टांगली. दोन भाषांचं तू मला शिकवू नकोस.

उपयोग झाला का? झाला ना. पाणी म्हटलं की पाणी येतं. पण दिवसभर ती आठवाच शब्द म्हणते. तो मी कोरला नाही — मुद्दाम. 'घरी'. घरी, घरी, घरी... कसं आणू? दोनदा पडली ती माझ्या हातून, मला उचलवत नाही. परवा नर्सने विचारलं, आजी सारखं काय म्हणतात हो? मी — मी म्हटलं, आभार मानतेय तुमचे. तेव्हापासून लोवरी 'घरी' म्हणाली की त्या पोरी हसतात, तिचा हात थोपटतात, म्हणतात, अहो, त्यात काय एवढं! आणि ती माझ्याकडे बघत राहते.

हे लिहिलंस? खोड. खोड म्हणतो ना. नाव तुम्हाला हवं ते ठेवा. ऊठ आता, बस सुटेल तुझी.