रिकामं म्हणजे नको!

...आणि वर मलाच म्हणते, "अत्तै, हळू बोला, मीटिंग चाललीय!" माझ्याच घरात! तुम्हाला सांगते, मी ओरडले तर राजवाड्यापर्यंत ऐकू जातं, पण ही माझी सून अखिला झोपाळ्यावर मांडी घालून लॅपटॉपवर साहेबाशी अशी भांडत होती की माझी डाळ करपली तरी मी तिथंच उभी!

काय भांडण? रंगाचं! यांच्या ऑफिसात एक काळी खिडकी असते, तीत टाइप करून हुकूम द्यायचा, की उत्तर रंगीत येतं. चुकलं की लाल, बरोबर की हिरवं. कुठला रंग ते सेटिंगमधे लिहून ठेवायचं. आता तो वैद्यनाथ, तिच्याबरोबर काम करणारा, त्याला बिचाऱ्याला लाल-हिरवं एकच दिसतं, काळ्यावर तर वाचताच येत नाही. म्हणून त्यानं रंगाची जागा रिकामी सोडली, नुसती पांढरी अक्षरं बरी म्हणून. तर काय? "रंग चुकीचा!" म्हणून खिडकी बंद! माणसाचं कामच थांबलं हो!

साहेब वरुणराव म्हणतात, "सोपं आहे अखिला, रिकामं दिसलं की आपला लाल-हिरवा भरून टाकू. नवी खिडकी संध्याकाळी सगळ्यांना पाठवायचीय."

मी म्हटलं, बरोबरच की! पानावर रिकामी जागा दिसली की मी नाही वाढत? विचारते कधी?

पण अखिला! अय्यो, काय कडाडली! "सर, ओळच लिहिली नसेल तर घाला तुमचा रंग. पण ओळ लिहून रिकामी सोडली, तर तो हात आडवा धरलाय पानावर! रिकामं म्हणजे नको!"

साहेब म्हणाले, "सरी, सरी, बरं... करा तसं." लगेच बसून केलंन् पोरीनं, आणि संध्याकाळच्या आत लॅपटॉपातून वैद्यनाथाचा आवाज आला, "वाचता येतंय, मॅडम." एवढंच. मला मेलीला डोळ्यांत पाणी! दृष्टच काढणार होते, पण जेवायची वेळ झाली.

पानं मांडली. कारल्याचं पिटलै, आमची डाळ-खोबऱ्याची घट्ट आमटी हो, घेऊन मी अखिलाच्या पानाशी वाकले, तर ही हात आडवा धरून, "अत्तै, रिकामं म्हणजे..." बरं बाई, नको तर नको, आज तुझा दिवस!

तर तिकडे आमचे हे, त्यागराज, लग्न झाल्यापासून मुकाट खाणारा माणूस, हळूच हात आडवा! "भामा, रिकामं म्हणजे नको."

"अहो, मग इतकी वर्षं?"

"तू थांबलीस कधी?"

घ्या! आता पातेलंभर पिटलै मी एकटी खातेय... आणि तुम्हाला म्हणून सांगते, कडू आहे हो!