जबलपूरचं तिकीट आणि वेडा बाण

मंडळी, ऐका! चिपळ्या जरा मांडीवर ठेवा. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. आपल्या वाटेत धोंडा पडतो — तो टाकतो कोण? सरकार? शेजारी? नशीब? मागून कुणीतरी म्हणालं, 'जावई!' अहो, हळू! पुढच्या रांगेत एक जावई बसलेत!

तर भुसावळच्या अलीकडे एक गाव. त्या गावच्या बाजारगल्लीत शिवदास आप्पा वाणी. वय अठ्ठ्याहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती. गल्लीतला सगळ्यात वडीलधारा माणूस! म्हणून दसऱ्याला प्रत्येक दुकानातल्या हत्याराला हळदकुंकू लावायचा मान आप्पांचा. शिंप्याची कात्री, वाण्याचा तराजू, आणि हल्ली निंबा महाजनचा कॉम्प्युटरसुद्धा! निंबा रेल्वेची तिकिटं काढून देतो ना! हे ध्यानात ठेवा बरं. कीर्तनकार उगाच काही सांगत नसतो!

दिवाळी आली. जबलपूरहून आप्पांच्या थोरल्या बहिणीचा, कावेरीमाईचा फोन आला. "शिवा, यंदा भाऊबीजेला ये रे. डोळे चाललेत माझे. तुझं तोंड धूसर का होईना, पण दिसेल अजून. डॉक्टर म्हणतो, पुढच्या दिवाळीला तेवढंही दिसायचं नाही."

काय सांगू मंडळी, आप्पांनी फोन ठेवला आणि थेट निंबाचं दुकान गाठलं. भाऊबीज चार दिवसांवर, गाड्या भरलेल्या! उरलं काय? तत्काळ! म्हणजे सकाळी अकराला खिडकी उघडते, आज तिकीट काढा, उद्या गाडीत बसा.

पहिला दिवस. अकराचा ठोका! निंबानं माऊस हातात धरला. पडद्यावरचा बाण निघाला जबलपूरकडे — आणि गेला कुठं? वर कोपऱ्यात! निंबा ओढतोय डावीकडे, बाण पळतोय उजवीकडे. शेवटी तिकीट हाती आलं, पण वेटिंगचं.

"म्हणजे तिकीट मिळालं ना?" आप्पा.

"मिळालं आप्पा, पण जागा नाही. याच्यावर डब्यात बसता येत नाही."

"मग हे तिकीट कशाचं?"

"वाट बघण्याचं."

"वाट तर मी घरी बसून फुकट बघत होतो की रे!"

आता सांगा, म्हाताऱ्याचं काय चुकलं?

दुसरा दिवस. पुन्हा अकरा, पुन्हा माऊस! या खेपेला जागा मिळाली हो! खालचा बाक, खिडकीजवळ! निंबानं टाळी दिली. आप्पांनी चष्मा पुसून कागद वाचला — शिवदास वाणी, वय अठ्ठ्याहत्तर, स्त्री!

शेवटच्या क्षणी बाण घसरला होता! आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "निंबा, हे आता कुणाला दाखवू रे?"

स्टेशनवर गेले. खिडकीतले साहेब चांगले होते, म्हणाले, "बाबा, तिकीट आणि ओळखपत्र जुळायला हवं. दुरुस्तीचा अर्ज गाडीच्या चोवीस तास आधी द्या."

"गाडी उद्या सकाळी नऊला. तिकीट मिळालं आज अकराला. मग चोवीस तास आधी येऊ कसा?"

साहेबांनी बोटं मोजली. पुन्हा मोजली. मग म्हणाले, "नियम तसाच आहे बाबा."

आप्पा बाकावर बसले. पंचावन्न वर्षं दुसऱ्यांची वेळ जुळवून दिली या माणसानं, आणि हे बावीस तास काही केल्या चोवीस होईनात! रेल्वेवर चिडले, निंबावर चिडले, त्या साहेबांवर चिडले. रात्री देवावरही चिडले. "जन्मभर तुझं केलं, आणि बहिणीचं तोंड बघू देईनास?"

तिसरा दिवस — शेवटचा! आज हुकलं की भाऊबीज हुकली. सव्वादहालाच आप्पा दुकानात हजर. निंबा माऊस टेबलावर आपटतोय, फुंकर मारतोय. "दसऱ्यापासून नाटकं करत होता, आता पुरता वेडावलाय. नवा आणायला जळगावला माणूस गेलाय आप्पा, पण दुपारशिवाय येत नाही."

"आपटू नकोस रे! घड्याळ आपटून कधी चाललंय? दे इकडे."

अहो, पंचावन्न वर्षांची सवय! घड्याळ हातात आलं की पहिलं काय करायचं? पालथं करायचं! आप्पांनी माऊस पालथा केला. पोटात लाल दिव्याचं बारीक भोक. आणि त्या भोकात काय? वाळलेलं कुंकू! वर चिकटलेली अक्षत!

आप्पांना सगळं आठवलं. दसऱ्याला त्यांनीच तो माऊस उचलला होता. पोटात लाल ज्योत दिसली. म्हणाले होते, "निंबा, जीव इथं आहे याचा. कुंकू इथंच लावायला हवं!" आणि ओलं बोट भक्तीनं त्या भोकात दाबलं होतं. त्याचा डोळाच बुजवला होता हो!

*शोधिला मी दोष, गावभर दारी।*
*परतोनि घरी, बोट माझे॥*

आप्पांनी खिशातला चिमटा काढला, कापूस काढला. कण कण उकरला. "निंबा," ते खाली मान घालून म्हणाले, "तुला तीन दिवस बोललो. चूक माझी होती रे." अकरा वाजले. बाण सरळ निघाला आणि जबलपूरवर जाऊन थांबला! शिवदास वाणी, पुरुष, खालचा बाक!

भाऊबीजेच्या दिवशी कावेरीमाई ताट घेऊन उभी राहिली. कुंकवाचं बोट चाचपडत पुढे आलं, आणि कपाळाऐवजी आप्पांच्या डोळ्याकडे गेलं. आप्पांनी ते हळूच धरलं, कपाळावर नेलं.

"इथं गं माई."

"बघ, दिसेनासंच झालंय मला."

"नाही गं. तुला अजून दिसतंय. मलाच दिसत नव्हतं."

मंडळी, घंटा आपण बडवतो, कुंकू आपण थापतो, आणि वर ओरडतो — देव बघत नाही, जग वाकडं चाललंय! अहो, जग वाकडं असेल. नियमही वाकडे असतील, मी नाही म्हणत नाही. चोवीस तासांचं कोडं मलाही सुटलेलं नाही! पण घरी गेल्यावर दिवा लावायच्या आधी एक करा. आपलं बोट उजेडात धरा. त्याला कुंकू लागलंय का बघा, आणि ते कुणाच्या डोळ्यात गेलंय ते आठवा.

चला, उचला चिपळ्या. म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!