एप्रिलमधला बर्फ

– नऊ एप्रिल, रविवार. सकाळपासून ऊन, दुपारी एकोणीस अंश, वारा नाही. – बघा, इथे लिहिलंय, मी आठवणीतलं सांगत नाहीये. आठवणीचा काय भरवसा, ती आपल्याला हवा तिथे टाका घालून घेते. ही वही सव्वीस वर्षांपूर्वीची. रोज लिहिते मी – तारीख, हवा, कोण काय नेसलं होतं. बस, एवढंच. मनातलं लिहीत नाही, ते न लिहिताही राहतंच. – हात वर करा. जरा आणखी. हं, असं.

तुम्ही विचारलंत, चहाच्या बैठकीत उठून कसं दिसायचं. मिनोरीबाई, आधी गप्प कसं दिसायचं ते शिकायचं, मग उठून. कपाटात आधी गप्प कपडे हवेत – साधे, एकरंगी, अंगभर एकही फूल नसलेले. एक राखाडी, एक फिकट जांभळा, एक शेवाळी. ते भातासारखे असतात. भाताचं कौतुक कोण करतं? कोणी नाही. पण भात काढून घ्या, मग पुढ्यात काय उरलं? लोणचं. कमरपट्टा म्हणजे लोणचं. किमोनो एक, पट्टे तीन, असं माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची, या गल्लीत सगळेच म्हणतात – तोच किमोनो, पट्टा बदलला की बाई नवी. अंगावर पाच वस्तू असतील तर चौघींनी तोंड मिटून बसावं, म्हणजे पाचवी काय बोलते ते ऐकू येतं. आणि तुम्ही पिशवीतून काय काढलंत? नारिंगी किमोनो, त्यावर सोनेरी पट्टा, त्यावर लाल दोरी – अहो, ही बाई आहे की जत्रा? रागावू नका. तुमच्या माहेरी, चिबाकडे, चालत असेल. इथे कानाझावात अशा बाईला कोणी काही बोलत नाही, नुसतं छान म्हणतात. छान म्हटलं की समजायचं, मेलो. – वळा. श्वास सोडा. हा राखाडी तुम्हाला बसला, खांद्यात तर अगदी मापाचा.

कुठली बैठक म्हणालात? निशिदेबाईंची. हो हो, ते तुम्ही आल्या आल्याच सांगितलंत – येत्या रविवारी, बाराला, त्यांच्या घरी, अकरा पाहुण्यांसमोर, सून म्हणून पहिल्यांदा. म्हणून तर ही वही खाली काढली. त्यांना मी ओळखते का? चांगली. म्हणजे, त्या मला ओळखत नसतील. मी एकोणतीस वर्षांची होते, छापखान्यात कामाला होते, आणि दर गुरुवारी त्यांच्याकडे चहा करायची रीत शिकायला जायचे. फेब्रुवारीत माझी आई गेली. तिच्या मागे दोन वस्तू राहिल्या – एक राखाडी किमोनो, साधा, आणि एक पट्टा. काळ्या रेशमावर बर्फ, बर्फात एक लाल कॅमेलिया, एकच. आईने तो आयुष्यात तीनदा नेसला असेल. कॅमेलिया कशी पडते माहीत आहे ना? पाकळी पाकळी नाही गळत, अख्खं मुंडकंच खाली येतं. – तर बाईंनी वसंतातल्या बैठकीला बोलावलं आणि म्हणाल्या, अगदी मनाला येईल ते नेसून या हं, तोमोएसान. मी मनाला आलं ते नेसले. आई मनात होती, तिचा पट्टा नेसले. बागेत चेरी झडत होती, एकोणीस अंश, आणि माझ्या पाठीवर बर्फ. मला कुणी सांगितलंच नव्हतं की इथे ऋतूच्या पुढे चालायचं असतं – फूल उमलायच्या आधी अंगावर आणि उमललं की कपाटात. पुढे गेलेली चालते. मागे राहिलेली म्हणजे गावंढळ.

निशिदेबाईंनी चहाचा वाडगा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, हसून म्हणाल्या – हे बघा, शब्द न् शब्द इथे आहे – ‘तुमच्याकडे अजून बर्फ आहे का, तोमोएसान? किती छान. बघूनच गार वाटलं.’ आणि मी काय केलं? आभार मानले. दोन्ही हात जमिनीवर टेकवून, कपाळ चटईपर्यंत नेऊन. आणि त्या पुन्हा ‘किती छान’ म्हणाल्या, तर मी पुन्हा मानले. दोनदा. मला कौतुकच वाटलं हो. आईचं कौतुक केलं असं वाटलं. बाकीच्या बायका आपापल्या वाडग्यात डोकावून बघत होत्या, जशी काही तळाशी मासोळी आहे. मी बसमध्ये बसले, बस नदीवरच्या पुलावर आली, आणि तिथे, पुलाच्या बरोबर मध्यावर, मला कळलं. टोमण्याचं दुखणं तेवढं नाही. पण आभार – ते कुणी परत घेऊ देतं का? त्यांनी मारलं, आणि मी वाकून नमस्कार केला.

परत गेले नाही. छापखाना सोडला, जुन्या किमोनोंचं हे दुकान घातलं. कुणाकडे शिकले नाही, सगळं बघून बघून – कुठल्या आठवड्यात कुठलं फूल, कुठल्या कापडाला कुठली दोरी. आणि निशिदेबाई नाटकाला, देवळात, कुणाच्या लग्नाला काय नेसल्या, ते सगळं वह्यांत आहे. त्यांनासुद्धा नसेल आठवत, मला आहे. सव्वीस वर्षं मी एका चुकीची वाट बघतेय. शरदातलं एक मेपलचं पान डिसेंबरात, एवढंच हवं होतं. नाही. एकदाही नाही चुकल्या. त्या घरात चुकणारं कुणी येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आज तुम्ही छत्री निथळवत आत आलात, आणि म्हणालात, मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच ठरवा –

– काय बोलले मी? काही नाही. सरळ उभ्या राहा. आरसा? आरसा नंतर. गाठ व्हायची आहे अजून. – अहो, मान वळवू नका.

बघितलंत.

हो. तोच. काळं रेशीम, बर्फ. ओळखणारच तुम्ही, एवढं वर्णन मीच केलं. काय हे तोंड, सव्वीस वर्षं मिटून राहिलं आणि आज अर्धा तास धीर धरवला नाही त्याला. हातांनी ठरवलं होतं, गुपचूप बांधायचा आणि गोड हसून पाठवायचं. – थांबा, सोडते. माझं भांडण तुमच्याशी नाही, तुम्ही आपल्या भोळेपणाने आलात. हा दुसरा बघा, विलोची कोवळी पानं, खाली वाहतं पाणी. याला देवसुद्धा नावं ठेवणार नाही. हा घेऊन जा आणि मी काही बोललेच नाही असं समजा.

काय? – लग्नानंतर तुमचं कपाट उघडून बघितलं त्यांनी? आईने एकेक निवडून दिलेले कपडे. आणि काय म्हणाल्या? – ‘किती सोयीचे आहेत, धुवायला सोपे.’ – हं. आणि तुम्ही? – आभार मानलेत. – किती वेळा? – पुसा डोळे, रेशमावर डाग पडतो. – हसताय होय. मला वाटलं रडताय.

नको सोडू? नीट विचार करा. मी इथे दुकानात असेन, तिथे अकरा जणींपुढे तुम्ही बसणार. आता हेही खरं, की सून चुकली तर लोक सुनेला बोलत नाहीत, सासूने शिकवलं नाही म्हणतात – आणि ही तर शिकवणारीच बाई, तीस वर्षं गावाला शिकवतेय. त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच वाडग्यासमोर. त्या गप्प बसणार नाहीत. तेच म्हणतील, शब्द न् शब्द, त्यांना दुसरं येत नाही. मग तुम्ही एकच – जाऊ दे. तुम्हाला कळलंय. तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय मला.

मग घडी करून देते. दोरी पांढरी, दुसरं काही नको, बाकीच्यांनी गप्प बसायचं. – निघा आता. आणि दार नीट ओढून घ्या, ओल आत येते.

*

तेरा एप्रिल, सोमवार. ढगाळ, चौदा अंश, संध्याकाळी भुरभुर. मिनोरीबाई येऊन सांगून गेल्या. काल ऊन, वीस अंश, अकरा पाहुणे. राखाडी किमोनो, बर्फातली कॅमेलिया, पांढरी दोरी. निशिदेबाई म्हणाल्या, ‘तुमच्याकडे अजून बर्फ आहे का? किती छान. बघूनच गार वाटलं.’ मिनोरीबाईंनी आभार मानले नाहीत. निशिदेबाई पुन्हा ‘किती छान’ म्हणाल्या. मिनोरीबाईंनी आभार मानले नाहीत. पाहुण्यांपैकी कोणी वाडग्यात बघितलं नाही, सगळ्या निशिदेबाईंकडे बघत होत्या. पहिला चहा निवला. दुसरा करावा लागला.