नवरा दारात उभा आहे

थँक्सगिव्हिंग सणाच्या आदल्या दिवशी दुकानात पैसे द्यायच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटीच्या ढकलगाडीत नुसती कॉफी आणि बिस्किटं.

“कोरीन, उद्याच्या जेवणाची टर्की कुठाय? दरवर्षी तूच भाजतेस ना?”

“यंदा नाही, मर्ना. नोव्हेंबर संपायच्या आत अख्खी कादंबरी लिहायचा विडा उचललाय मी.”

“तू? अगं, तुझा स्वेटर अजून एका बाहीचा आहे!”

“स्वेटर उसवता येतो. इथे काही खोडायचंच नाही, असा नियम आहे. लिहीत सुटायचं.”

“आणि चुकलं म्हणजे?”

“चुकलंच की! नायिकेच्या नवऱ्याला सुरुवातीलाच तळ्यात बुडवलं. आता शेवटाला तोच हवाय.”

“मग?”

“मग काय, आला पोहत.”

“काहीतरीच! कुणाला पटेल हे?”

“पटवायचं काम डिसेंबरात. आता फक्त लिहायचं.”

“बरं, ती काय म्हणाली?”

“कोण?”

“अगं, बायको त्याची! मेलेला नवरा ओलाचिंब होऊन दारात उभा. काहीतरी म्हणाली असेल ना?”

“तिथंच तर आलेय मी. आज लिहिणार.”

“मग इथे काय करतेस? हो माझ्यापुढे. टर्की मी भाजते.”

“तू? तुला धड अंडं उकडता येत नाही!”

“तुला तरी कुठे कादंबरी लिहिता येते? नीघ आता. तो बिचारा थंडीत कुडकुडतोय.”