दहापर्यंत मोजायचं

— छे हो, भांडणबिंडण काही नाही! वृद्धाश्रमात आणणारे सगळे भांडूनच आणतात, असं वाटतं का तुम्हाला? आमच्याकडे सगळं चर्चेनं ठरलं. माझा धंदाच तो ना — लोकांना बसवायचं आणि बोलतं करायचं. कंपन्यांमध्ये जाते, शाळांमध्ये जाते, बावीस वर्षं झाली. हसू नका ताई, शिकावं लागतं ते! चार माणसं जमली की काय होतं? एक बोलत सुटतो, दोघं माना डोलावतात आणि चौथा घरी जाऊन बायकोपुढे धुसफुसतो. तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

तर बाबांचं काय करायचं, हे ठरवायची वेळ आली तेव्हा दादाच म्हणाला, बैठक तूच घे, तुला जमतं. जमतंच मला. आधी मधलं टेबल बाहेर काढलं — टेबल असलं की माणूस त्याच्याआड लपतो — आणि पाच खुर्च्या गोल मांडल्या. दादा, वहिनी, धाकटा भाऊ, बाबा आणि मी. दादाला माझ्या शेजारी घेतलं. का? तर जो फार बोलतो त्याला शेजारी बसवायचं, समोर बसला की नजरेला नजर मिळते आणि मग तो कुणाच्या बापाला ऐकत नाही. गप्प राहणाऱ्याला समोर. म्हणून बाबा समोर. आणि एक चेंडू ठेवायचा — चेंडू ज्याच्या हातात तोच बोलणार, बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं. माझा नेहमीचा चेंडू ऑफिसात राहिला होता, मग आईच्या विणकामाच्या पिशवीतला लोकरीचा गुंडा घेतला. निळा. अर्धा स्वेटर अजून सुयांवर आहे तिचा — जाऊ दे, ती गेली त्याला वर्ष होईल आता, ते काय सांगत बसले मी.

पण छान चालली हो चर्चा! दादा चार मिनिटांत थांबला, जन्मात पहिल्यांदा. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, बाबांचे गुडघे हे असे. वहिनीला तिच्या आईचं करावं लागतं, सांगता सांगता ती रडली, तिला रडू दिलं — रडणाऱ्याला लगेच पाणी द्यायचं नाही, दिलं की तो गप्प बसतो. धाकटा आठवड्यातले पाच दिवस ट्रकवर. कुणी कुणाचं बोलणं तोडलं नाही. मी प्रत्येकाचं म्हणणं चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवत होते. माझं? माझं कसं असेल? चर्चा घेणाऱ्यानं मत द्यायचं नसतं. हो — माझं घर तळमजल्यावर आहे. मागची खोली रिकामी असते, लेक नोकरीला गेली तेव्हापासून. अहो, पण कुणी विचारलंच नाही! गुंडा चारदा माझ्या हातून गेला, एकाच्याही डोक्यात आलं नाही की हीसुद्धा लेकच आहे. मी खुर्चीच तशी घेतली होती ना.

बाबांना विचारलं की! असं कसं म्हणता? गुंडा दिला त्यांच्या हातात आणि म्हटलं, बाबा, तुम्हाला काय वाटतं? बघा, हो-नाही म्हणून सुटता येईल असा प्रश्न नाही टाकला. त्यांनी गुंड्याचं सुटलेलं टोक शोधलं आणि गुंडाळायला लागले — सावकाश. आता इथे दहापर्यंत मोजायचं असतं, मनातल्या मनात. शांतता खायला उठते, पण थांबायचं, कारण बुजऱ्या माणसाचं खरं बोलणं आठ-नऊच्या सुमाराला येतं. शेकडो लोकांना शिकवलंय मी हे. मोजत होते. पाच झाले, त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. दादाकडे नाही, धाकट्याकडे नाही — माझ्याकडे. ओठ हलले. आणि मी म्हटलं, ठीक आहे बाबा, विचार करा, आपण परत येऊ तुमच्याकडे — आणि गुंडा काढून घेतला. धागा अडकला होता त्यांच्या बोटाला, तो सोडवून घेतला. सहा. सहालाच. कारण ते काय म्हणणार ते मला कळलं होतं हो! मला ते ऐकायचं नव्हतं. दोन वर्षं आईचं केलं मी, एकटीनं, हे सगळे रविवारी येऊन जायचे, आणि आता नाही माझ्यात जीव उरलेला. एवढंच म्हणायचं होतं मला, ‘मला नाही जमणार.’ भिंतीवर सोळा चिठ्ठ्या होत्या, ही नव्हती.

परत? नाही, परत नाही गेलो त्यांच्याकडे. वेळ संपली, सगळे उठले.

असो. आणा तो फॉर्म, बाबा बाहेर बाकावर आहेत, त्यांची सही घेऊन येते. — झाली? कधी? मी गाडीतून बॅग काढत होते तेव्हा? आणि भरला पण सगळा? बघू. अक्षर त्यांचंच. नाव, वय, गोळ्या... ‘इथे राहण्याचा निर्णय कोणाचा’ — असले रकाने कशाला हो ठेवता तुम्ही? काय लिहिलंय... थांबा, चष्मा लावते.

‘सर्वानुमते.’

काही म्हणाले का, लिहिताना? तुम्ही थांबला होतात का थोडं, त्यांच्यासमोर?

नको. सांगू नका. बॅग कुठल्या खोलीत ठेवायची, तेवढं सांगा.