आईची सात कप्प्यांची पिशवी

देवश्री : बाबा, तुमच्या लघवीचा रंग हल्ली कसा असतो?

बाबा : काय म्हणालीस?

देवश्री : लघवीचा. रंग. हवं तर तिसऱ्यांदाही विचारते. एकदा तोंडातून निघालंय, आता मला काही वाटणार नाही.

आई : देवश्री! बापाशी बोलायची काय रीत हाय की नाय? दहावीत गेलीस म्हणून शिंगं फुटली काय गो तुला?

देवश्री : पैज लागलीय, आई. चैत्राली म्हणाली, तू जगात कुणालाही काहीही विचारशील, पण सरांना हे विचारायची तुझी छाती नाही. आणि सोनाली म्हणाली, विचारलंस तर महिनाभर तुझे नकाशे मी काढून देते.

बाबा : म्हणजे माझ्या लघवीवर दहावी ‘ब’मध्ये पैजा लागतायत. वा! उद्या सुविचाराच्या जागी फळ्यावर तेच लिहू या.

देवश्री : हसण्यावारी नेऊ नका. पैज मागाहून लागली. आधी चैत्राली घाबरली. तुम्ही आज तिसऱ्या तासाला वर येताना कठडा धरून चढलात. एका पायरीवर दोन्ही पाय, मग दुसरी पायरी. फळा पुसायला हात वर जाईना, म्हणून सोनालीला उठवलंत. सगळ्या वर्गानं पाहिलं, बाबा.

बाबा : एक्कावन्न वर्षांचा माणूस आहे. डिसेंबर आहे. अंग आखडतं.

आई : मांड्या धरतात त्यांच्या. पंधरा दिवस झाले. रोज संध्याकाळी मी निलगिरीचं तेल चोळते, तरी सकाळी उठताना खाटेला हात लावून उठतात.

देवश्री : बघा! चैत्रालीची आई सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे ना? तिच्याकडनं ऐकून चैत्रालीनं विचारलं, सरांना कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत का. मी हो म्हटलं, तर तिनं खाता खाता डबाच बंद केला. म्हणाली, त्या गोळ्या चालू असताना मांड्या-दंड दुखायला लागले तर लघवीचा रंग विचारायचा. म्हणून विचारतेय. सांगा ना.

बाबा : नेहमीसारखा आहे.

देवश्री : वर्गात मुलं खोटं बोलली की तुम्ही काय करता? त्यांच्याकडे नुसतं बघत राहता. मी बघतेय.

बाबा : जरा गडद आहे. पाणी कमी पितो थंडीत.

देवश्री : जरा म्हणजे?

बाबा : दुधाशिवायचा चहा असतो ना, तसा. काल सकाळपासून.

आई : अहो! आणि मला सांगितलंत नाय?

बाबा : काय सांगणार होतो? ये, बघून घे?

देवश्री : आई, थांब, रडू नकोस, आधी मला तुझी ती पिशवी दे. गोळ्यांची.

आई : ही घे. सात वार, सात कप्पे. गेल्या दिवाळीत उरलेल्या खणाची शिवली. दर रविवारी सगळ्या पट्ट्या कातरीनं कापते आणि ज्या त्या वाराला टाकते. आजवर एक गोळी चुकली नाय. बेसिनपाशी उभी राहून देते, गिळेपर्यंत हलत नाय.

देवश्री : ते माहितीय. पण हे बघ. कापलेल्या तुकड्यावर नावच राहिलेलं नाही. एकावर नुसतं ‘टॅटिन’, दुसऱ्यावर कंपनीचा अर्धा पत्ता. न कापलेल्या पट्ट्या कुठे आहेत?

आई : कपाटात, वरच्या फळीवर. मुकुल भावजींनी परवाच्या येष्टीनं मुंबईच्या गोळ्यांचं पुढचं पाकीट पाठवलंय, ते उघडलंसुद्धा नाय. आणि धवल डॉक्टरची पट्टी त्याच्याच खाली.

(देवश्री खुर्चीवर चढून दोन्ही पट्ट्या काढते आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरते.)

देवश्री : ही धवलदादाची. मोठ्या अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव, ते सोडून द्या. खाली मुंगीएवढ्या अक्षरात आतलं औषध. अ‍ॅटोर्वास्टॅटिन, वीस मिलिग्रॅम. आता मुंबईची. मोठं नाव वेगळं, डबी वेगळी, रंग वेगळा. आणि खाली... अ‍ॅटोर्वास्टॅटिन दहा, फेनोफायब्रेट एकशे साठ. बाबा, एकच आहे. मुंबईच्या गोळीत दोन औषधं एकत्र आहेत आणि त्यातलं एक तुम्ही धवलदादाकडून आधीच घेत होतात!

बाबा : आण इकडे. चष्मा दे माझा.

आई : म्हणजे काय गो? एक मुंबईच्या मोठ्या डॉक्टरची, एक आपल्या घरच्या डॉक्टरची. मी म्हटलं, दोन्ही घेतल्या तर गुण लवकर येईल.

देवश्री : तसं नसतं, आई. कोलेस्टेरॉलची अशी दोन औषधं एकाच गोळीत असली तरी स्नायूंवर लक्ष ठेवावं लागतं. इथे तर त्याच्यावर आणखी वीस. मी येताना चैत्रालीच्या घरी जाऊन, तुम्हाला दोन डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत असं सांगून, तिच्या आईला विचारून आलेय. दोन औषधं मिळून द्यायची का नाही, किती द्यायची, हे एकाच डॉक्टरनं सगळं समोर ठेवून ठरवायचं असतं, म्हणाली.

आई : मीच कापलं. नाव मीच कापून टाकलं.

बाबा : तू कशाला लावून घेतेस? अख्खी पट्टी हातात होती तेव्हा मी तरी कुठे वाचली? गोळी कुठली ती रंगावरून ओळखायची, एवढंच आपलं ज्ञान.

देवश्री : पण मुंबईच्या डॉक्टरनं विचारलं नाही? आणखी काही चालू आहे का म्हणून?

बाबा : विचारलं.

देवश्री : मग?

बाबा : मी नाही म्हणालो.

आई : का पण?

बाबा : मुकुल शेजारी बसला होता. त्याची बायपास झाल्यापासून त्याला वाटतं, महाडात डॉक्टरच नाहीत. धवलची गोळी घेतो म्हटलं असतं तर तिथेच सुरू झाला असता, त्या पोराला काय कळतंय, अजून ओठावर मिसरूड नाही. ते ऐकायचं नव्हतं मला.

देवश्री : आणि धवलदादाला? त्याला मुंबईचं सांगितलंत?

बाबा : धवलला मी आठवीत शिकवलंय, देवश्री. सगळ्या दासगावात पहिला डॉक्टर झाला तो. दवाखाना उघडला त्या दिवशी पहिली खुर्ची त्यानं मला दिली. आजवर एक पैसा घेतलेला नाही. त्याला कुठल्या तोंडानं सांगू, की अरे धवल, तुझ्यावर भरवसा नव्हता म्हणून मी मुंबईला दाखवून आलो?

आई : मुंबईच्या कागदावर सहा आठवड्यांनी रक्त तपासा असं लिवलं होतं. मी म्हणतच होते. आठ आठवडे झाले.

बाबा : महाडात रक्त कुठे तपासणार? त्याच्याच शेजारच्या लॅबमध्ये. रिपोर्ट आधी त्याच्या टेबलावर गेला असता.

देवश्री : म्हणजे मुकुलकाका रागावू नयेत म्हणून इकडचं लपवलं, धवलदादाला वाईट वाटू नये म्हणून तिकडचं लपवलं, आणि मधल्या मध्ये मांड्या कुणाच्या गेल्या?

बाबा : तोंड फार चालायला लागलंय तुझं.

आई : चालू दे. आज चालू दे तिचं.

बाबा : बरं. समजलं. दोन्ही गोळ्या आजपासून बंद. पाणी भरपूर पितो. चार दिवसांत उतरेल. प्रश्न मिटला.

देवश्री : नाही मिटला! आजची घेऊ नका, एवढं त्या सिस्टरनं सांगितलंय. पण पुढे काय ते तुम्ही ठरवायचं नाही, मी ठरवायचं नाही. सगळंच सोडलंत आणि मुकुलकाकांसारखं झालं मग? आणि चार दिवस थांबायचंच नाही. रंग गडद म्हणजे स्नायूंतलं काहीतरी रक्तात उतरतंय, ते किडनीत अडकतं. तसं असलं तर आजच दाखवा, असं दोनदा म्हणाली ती. दोनदा, बाबा.

आई : दवाखाना साडेपाचला उघडतो. आता पाच वाजून गेलेत. शर्ट बदला.

बाबा : सोमवारी जातो.

आई : सोमवारी? आज गुरुवार हाय!

बाबा : सोमवारी जातो म्हटलं ना. आज गेलो तर धवल मला शनिवारी कुठेही जाऊ देणार नाही. माहितीय मला तो. अंथरुणात घालेल.

आई : शनिवारी काय बिघडतंय? आठवी ते दहावीची पोरं रायगडावर सहलीला जायचीत, तर दुसरे मास्तर हायत की. नायतर तुम्ही रोपवेनं जा.

बाबा : सव्वीस वर्षं मी मुलांना पायऱ्यांनी वर नेतोय आणि आता स्वतः पाळण्यात बसू? ते जाऊ दे. पायऱ्यांचं नाही गं एवढं. वर पोहोचल्यावर दरवर्षी एका मुलाचं भाषण असतं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची पोरं ऐकली. या वर्षी ही उभी राहणार आहे. आठवीत असताना वर्गात हजेरी द्यायला हिचा आवाज फुटत नव्हता, आठवतंय ना तुला? परवा सगळ्या शिक्षकांनी मिळून हिचं नाव काढलं. माझं मत मी दिलंच नव्हतं, तरी. मला समोर बसून ऐकायचंय. मग सोमवारी सुया टोचा, बाटल्या लावा, काय करायचं ते करा.



देवश्री : तुम्ही यासाठी थांबला होतात? कालपासून?

बाबा : चार दिवसांनी काय होतंय?

देवश्री : तुम्ही चढणार पंधराशे पायऱ्या. याच पायांनी. आणि वर मी माइक धरून उभी असणार. मला एक शब्द तरी आठवेल का?

बाबा : आठवेल. पाठ आहे तुला सगळं. परसात म्हणताना ऐकलंय मी.

देवश्री : आई, फोन कुठेय?

आई : तिथेच, टेबलावर. कुणाला लावतेस?

देवश्री : सोनालीला. हॅलो, सोनाली? मी देवश्री. हो, विचारलं. हो गं, तोंडावर विचारलं. नकाशे राहू देत तुझे. ऐक, भाषणाचा कागद उद्या सकाळी घेऊन येते, तुला शुक्रवारचा एक दिवस मिळेल. नाही, गंमत नाही करत. तूच म्हणायचं. मधल्या भागात घाई करू नकोस, तिथे मी नेहमी घाई करते. ठेवते.

बाबा : देवश्री, हा वेडेपणा आहे. परत लाव फोन.

आई : अहो, शर्ट.

बाबा : आधी तिला सांग तू.

देवश्री : मी शनिवारी गडावर जात नाही. घरी आहे, तुमच्याजवळ. आता थांबायला काही राहिलं नाही, बाबा. दोन्ही पट्ट्या माझ्या हातात आहेत. धवलदादाला तुम्ही सांगा, मी नुसती शेजारी बसते.