चौथी फेरी

साधना : ब्याऐंशी टक्के कुठून आले, सर? माझ्या वहीत चौथ्या फेरीला रसायन एकतीस टक्केच बनलंय.

विजयकुमार सर : हळू बोल. विद्यापीठाची समिती खाली प्राचार्यांकडं चहा घेतेय. आत्ता वर येतील. तू फक्त या फाईलीत इथं सही कर. ‘हे प्रयोग मी स्वतः केले’, त्याच्या खाली.

साधना : प्रयोग मीच केलेत. पण हा आकडा माझा न्हाई. तिसऱ्या फेरीला अठ्ठावन्न व्हते, ते बी तुमी चौऱ्याऐंशी केले. आन् पाचवी फेरी तर आपण केलीच न्हाई.

विजयकुमार सर : साधना, हळदीच्या पाल्याची राख कॅटॅलिस्ट म्हणून चालते, रसायन झटपट बनवून देते, यात कुणाला काय नवल? तीच राख गाळून, धुवून पुन्हा पुन्हा पाच वेळा वापरता येते, हे दाखवण्यासारखं आहे. दुसरं आहे काय आपल्याकडं? धूर ओढणारा पंखा जळालाय. ओव्हनचं दार तू दोरीनं बांधतेस.

साधना : पण न्हाई ना येत पाच वेळा वापरता. तीनदा पयल्यापासून करून बघितलं मी. तिन्ही बारीला चौथ्या फेरीत राख मेली.

विजयकुमार सर : मेली, हे मलाही माहीत आहे!

साधना : मंग?

लिंबाजी : सर, साहेब लोकायचा चहा झाला. लॅब कोणत्या जिन्यानं, इचारून राहिले.

विजयकुमार सर : लिंबाजीमामा, त्यांना आधी लायब्ररी दाखवा.

लिंबाजी : बराबर. पण दोन कपाटात किती येळ फिरवू?

विजयकुमार सर : जेवढा फिरवता येईल तेवढा. जा. ...साधना, अकरा वर्षं मी तासिकेवर शिकवतोय. हैदराबादची कंपनी सोडून आलो, का तर हिंगोलीच्या पोरांना सिंथेसिस आणि कॅटॅलिसिस शिकवायचं. लोक तोंडावर हसले. पोरं नाव घालतात आणि पोलीस भरतीला पळतात. तुम्ही सात जण टिकलात. आज यांनी नाही म्हटलं, तर जूनपासून हे स्पेशलायझेशन बंद. मी घरी बसेन. आणि तू? तुझा विचार केलास?

साधना : आठ दिवसापून दुसरं काय करून राहिले मी? नांदेडला जावं लागन. बाबा धाडणार न्हाईत. ते मेंढरामागं, आई त्यांच्यासंग. जनकाआत्याच्या घरून जमंल तवर शिक, म्हणले. तेवढ्यासाठी सोयरीक थांबवलीय माझी.

विजयकुमार सर : मग कर ना सही! हात जोडतो तुझ्यापुढं.

साधना : सर, नका... हात खाली घ्या. माझ्यानं बघवत न्हाई. आकडा आपल्या मर्जीनं येत नसतो, हे तुमीच सांगितलं. पयल्या वर्षाला, पयल्याच तासाला.

विजयकुमार सर : तेव्हा मला कशाची भीती नव्हती.

साधना : सर, राख काहून मरते ते कळालंय मला. धुतलेलं पाणी मी फेकलं न्हाई. चारी फेऱ्यायचं येगयेगळ्या बाटल्यात ठिवलं. फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकले, खार असला की गुलाबी व्हतं ते. पयलं पाणी गडद गुलाबी. दुसरं बी. तिसरं जरासंक. चौथं एकदम नितळ. राखंतला खार पाण्यासंग निघून चाललाय. काम तोच करत व्हता, आन् आपणच त्याला धुवून काढत व्हतो.

विजयकुमार सर : ...कधी केलंस हे?

साधना : सोमवारी. तुमी मीटिंगात व्हते.

विजयकुमार सर : बरोबर आहे तुझं. पोटॅश विरघळतोय. मला सुचायला हवं होतं हे.

साधना : मंग हेच दाखवा ना त्यांना!

विजयकुमार सर : त्यांच्या फॉर्मवर टक्के लिहायला जागा आहे. का मेली, ते लिहायला जागा नाही.

साधना : तर मंग माझ्यानं सही व्हणार न्हाई, सर.

विजयकुमार सर : सात जणांचं वाटोळं होईल.

साधना : व्हय. त्यातली एक मीच हाये.

लिंबाजी : सर, आले. जिन्यात हायेत.

(दीड तासानं. समितीची गाडी फाटकाबाहेर गेली आहे.)

साधना : काय म्हणले, सर?

विजयकुमार सर : मुलं किती, विचारलं. सात म्हणालो. किमान पंधरा पाहिजेत म्हणे. पंख्याचा फोटो काढला. झालं.

साधना : आन् फाईल?

विजयकुमार सर : उघडलीच नाही.

लिंबाजी : माझ्या देखत, पोरी. एकानं तर तिच्यावर पाण्याचा गिलास ठिवला.

साधना : मंजी... बंद?

विजयकुमार सर : पत्र येईल. तुम्ही सात जणांनी दुसरा विषय घ्यायचा, नाहीतर दुसरं कॉलेज बघायचं.

लिंबाजी : अठ्ठावीस वर्सं या लॅबची काचंची भांडी धुतली म्या. आता म्हणतीन, कुलूप लाव.

साधना : सर, फाईलीत आकडा कोणता व्हता?

विजयकुमार सर : ...ब्याऐंशी.

साधना : खोडा.

विजयकुमार सर : आता कशाला? कोण वाचणार आहे ते?

साधना : कोण वाचन ते मला ठावं न्हाई. खोडा, सर.

विजयकुमार सर : पेन्सिलनं लिहू नका, आकडा गिरवू नका, म्हणून किती पोरांवर ओरडलो असेन मी. आणि आज सकाळी ब्याऐंशी लिहिताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही. कोर्स गेला, ते एक राहू दे. पण हात थांबला नाही, साधना.

साधना : द्या हिकडं. मी लिवते. ...तिसरी, अठ्ठावन्न. चौथी, एकतीस. पाचवी केलेली न्हाई. पाण्याचं सगळं मागच्या पानावर लिवते, तिथं जागा हाये.

विजयकुमार सर : घरी काय सांगशील?

साधना : बाबा सेनगावाकडल्या रानात हायेत. रेंज आली की सांगन.

विजयकुमार सर : मी बोलू त्यांच्याशी? नांदेडचं?

साधना : बोला. ऐकतीन, असं न्हाई वाटत मला. तरी बोला.

लिंबाजी : पोरी, ही वाटीत उरलेली राख टाकून देऊ का?

साधना : नका, मामा. झाकण लावून ठिवा. उघडी ऱ्हायली की ओल धरती ती.